ग्रँट डफची 'पहिली आवृत्ती' 18 हजारांना, घ्यावी का?

कंदीपेढा
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या. माझे पणजोबा मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीला गेले होते, घरात त्यांचं एक मेडल आणि एक पुसट फोटो एवढंच उरलंय. लॉकडाऊनमध्ये त्यावर वाचायला बसलो आणि तिथून जुन्या लढायांवरची पुस्तकं जमवायचा नाद लागला तो लागलाच, बायको म्हणते रद्दी घरातून बाहेर जाते, आपल्याकडे उलटी येते.

तर दोन गोष्टी विचारायच्यात. एका ऑनलाइन सेलरकडे ग्रँट डफच्या मराठ्यांच्या इतिहासाचा दुसरा खंड आहे, म्हणतो 1826 ची लंडनची पहिली आवृत्ती, लाल चामड्याची बांधणी, पाठीवर सोनेरी अक्षरं, 18 हजार फिक्स. आतल्या पहिल्या पानाचा फोटो पाठवलाय, त्यावर 1826 आहे. पैसे जमवलेत पण हात धजत नाहीये.

दुसरं, मागच्या शनिवारी मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर 'द टायगर ट्रायम्फ्स' दिसलं. 600 सांगत होता. पाठीचं कापड सुटलंय, शेवटच्या वीसेक पानांना आरपार बारीक भोकं आहेत. सोडून आलो आणि तेव्हापासून झोप नाही. जाणकारांनी सांगा.

जुनाबाजारकर
पेढेसाहेब, 18 हजार खिशातच ठेवा. पानावर 1826 छापलेलं असणं हा काहीच पुरावा नाही, कारण हल्ली इंटरनेटवरचा स्कॅन घ्यायचा, जसाच्या तसा छापायचा आणि वर चामडं चढवायचं हा धंदा जोरात आहे. रीप्रिंट म्हणून विकलं तर काहीच वाईट नाही, पंधराशे-दोन हजारात छान दिसतं कपाटात, पण 'पहिली आवृत्ती' म्हणून विकणं म्हणजे डोळ्यात धूळ.

सेलरला आतल्या कुठल्याही पानाचा तिरप्या उजेडातला फोटो मागा. त्या काळी खिळे जुळवून छापायचे, अक्षर कागदात दाबलं जायचं, पानाच्या मागच्या बाजूने बोट फिरवलं तर बऱ्याचदा जाणवतं. रीप्रिंट गुळगुळीत. आणि कागद बघा. लोकांना वाटतं दोनशे वर्षांचं पुस्तक म्हणजे पिवळं आणि कुरकुरीत, पण तेव्हा कागद चिंध्यांचा व्हायचा, डाग पडतात पण तो मऊ आणि दणकट राहतो, माझ्याकडचं 1944 चं पुस्तक पापडासारखं तुटतंय आणि 1821 चं एक सुटं पान अजून खणखणीत आहे.

माझे हात पोळलेत म्हणून एवढं लिहितोय. इंग्रज सेनापती लॉर्ड लेकच्या मोहिमांवरचं थॉर्नचं पुस्तक आहे 1818 चं, लेकच्या फौजेत स्वतः असलेला माणूस, मला लासवारीची लढाई नीट समजून घ्यायची होती म्हणून चामडी बांधणीतलं मागवलं. आलं. उघडलं तर नकाशाच्या जागी करडा चौकोन! स्कॅन करणाऱ्याने घडीचा नकाशा उलगडलाच नव्हता, मिटलेल्या कागदाचाच फोटो, वर कडेला त्याचा अंगठा. शिंद्यांच्या कवायती पलटणी कुठे उभ्या होत्या ते त्या अंगठ्याखाली. तेव्हापासून नियम केलाय, युद्धावरचं जुनं पुस्तक असेल तर आधी नकाशे मोजायचे, मग किंमत विचारायची. पुढे नकाशांची यादी असते, ती एकेक टिक करायची. नकाशे फाडून फ्रेम करून वेगळे विकतात लोक, त्यात पुस्तकापेक्षा जास्त पैसे सुटतात. खडकी-कोरेगाव-आष्टीच्या 1817-18 च्या इंग्रज-मराठा युद्धावरचं ब्लॅकरचं पुस्तक, त्याचं तर नकाशांचं बाडच वेगळं असतं, नुसता मजकुराचा खंड कोणी 'संपूर्ण' म्हणून दिला तर हात जोडायचे.

आणि तीन खंडांतला एकटा दुसरा खंड कशाला घेताय? उरलेले दोन शोधण्यात म्हातारे व्हाल.

सह्याद्रीपुत्र96
मुळात गोऱ्यांच्या पुस्तकांवर पैसे घालायचेच कशाला? डफ साताऱ्याचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, आपलं राज्य बुडवणाऱ्यांचा माणूस. राजवाडे वाचा, शेजवलकर वाचा.

पलटणवाला
राजवाडे वाचावेतच, पण डफने साताऱ्यात बसून जी कागदपत्रं पाहिली ती आता सगळी आहेत कुठे? आणि डफला उत्तर द्यायला कोणी आज उठायची गरज नाही, नीलकंठ जनार्दन कीर्तन्यांनी विद्यार्थी असताना 1860 च्या दशकातच त्याची चिरफाड करून ठेवलीय. दोन्ही शेजारी ठेवून वाचा, मजा येते. वाचायलाच हवा असेल तर ऑक्सफर्डची 1921 ची दोन खंडांची आवृत्ती शोधा, अधूनमधून रास्त भावात मिळते.

आता कंदीपेढा, तुमचा खरा विषय डफ नाहीच. तुमचे पणजोबा पहिल्या पलटणीत होते, म्हणजे आठव्या हिंदी डिव्हिजनमध्ये. आणि तुम्ही 'टायगर ट्रायम्फ्स' सहाशेसाठी सोडून आलात?? अहो ते 1946 चं पुस्तक इटलीत लढलेल्या चौथ्या, आठव्या आणि दहाव्या डिव्हिजनवरच आहे! याच मालिकेत आधी 'द टायगर स्ट्राइक्स' आणि 'द टायगर किल्स' निघाली. सरकारी प्रचाराची पुस्तकं आहेत, भाषा तशीच छाती फुगवलेली, पण बाकी कुठे सापडणार नाही असं बरंच त्यात आहे. 9 एप्रिल 1945 ला सेनिओ नदीवर याच पलटणीच्या नामदेव जाधवांनी जखमींना पाण्यातून ओढून आणलं, मशीनगनची ठाणी बंद पाडली आणि मग बंधाऱ्यावर उघड्यावर उभं राहून घोषणा देत बाकीच्यांना पलीकडे बोलावलं. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पणजोबा तेव्हा तिथे असतील तर त्यांनी ती हाक ऐकली असेल.

यानंतर सरकारी इतिहासमालेतला इटलीवरचा खंड घ्या, 1960 चा. फाळणी झाली तरी ते काम भारत-पाकिस्तानच्या संयुक्त विभागाने पुढे चालवलं, नावात दोन्ही देश आहेत. रुक्ष आहे, तुकड्यांचे नंबर आणि तारखा, पण पणजोबांचं सर्व्हिस बुक मिळालं तर तारखा यातच जुळतील.

शोधताना एक युक्ती. जुन्या इंग्रजीत मराठाचं स्पेलिंग वेगळं होतं, पहिल्या 'ए' नंतर 'एच' आणि पुढे डबल 'टी'. रेजिमेंटच्या नावातही तसंच होतं. आजच्या स्पेलिंगने सर्च मारला तर अर्धी पुस्तकं दिसतच नाहीत, आणि गंमत म्हणजे ज्या सेलरला हे माहीत नसतं त्याच्याकडे स्वस्तात मिळतात.

चष्मिष
लायब्ररीत बावीस वर्षं काढलीत म्हणून भोकांबद्दल बोलते. आरपार भोकं म्हणजे अळीचं काम, कसर नावाचा किडा असता तर पानं वरून खरवडल्यासारखी दिसली असती. पुस्तक घ्या, पण बाकीच्या पुस्तकांशेजारी लगेच ठेवू नका. पांढऱ्या कागदावर आपटून बघा, ताजा भुसा पडला तर किडा अजून आत आहे. प्लास्टिकच्या पिशवीत घालून हवा काढून टेपने बंद करा आणि डीप फ्रीजरमध्ये आठ-दहा दिवस ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही हं, एक अख्खा दिवस तशीच राहू दे, नाहीतर दव धरून पुस्तक ओलं होतं. पत्रं-पोथ्यांना वेखंड ठेवायची जुनी पद्धत आहे, ती किडा येऊ नये म्हणून, आत बसलेल्याला तो हलवत नाही.

सुटलेल्या पाठीला सेलोटेप लावलीत तर माझ्याशी गाठ आहे. चिकट द्रव कागदात उतरतो आणि तांबडा डाग कायमचा. बाइंडरकडे दिलंत तर आधी बजावून सांगा की कडा कापायच्या नाहीत. आमच्याकडे एकाने कटिंग मशीनखाली पुस्तक सरळ केलं ते आतल्या घडीच्या नकाशासकट, नकाशा उलगडला तर पाच तुकडे.

अजून एक, आतला शिक्का बघा. लायब्ररीचा शिक्का असेल आणि 'रद्द' किंवा 'काढून टाकले' असं काही नसेल तर ते पुस्तक बहुतेक चोरीचं. मी घेत नाही.

जुनाबाजारकर
चष्मिषताई, शिक्क्याचा नियम पाळला तर जुन्या बाजारातलं माझं अर्धं कपाट रिकामं होईल. पण मुद्दा मान्य.

कंदीपेढा
सगळ्यांचे आभार. अपडेट देतो. डफवाल्याला तिरप्या उजेडातला फोटो मागितला, तर म्हणाला 'सर पुस्तक पॅक झालंय', मग म्हणालो अनपॅक करा, तर 16 वर आला, मग 12 वर, आणि शेवटी ब्लॉकच केलं मला. सुटलो.

काल पहाटेच्या गाडीने मुंबई गाठली. पुस्तक होतं! तोच माणूस, तोच ढीग, फक्त आता साडेसातशे म्हणाला, कारण परत आलेलं गिऱ्हाईक त्याला बरोबर कळतं. साडेपाचशेला दिलं. शिक्का नाही. पहिल्या पानावर निळ्या शाईत इंग्रजीत कुणीतरी 'देवळाली, 1947' लिहिलंय, नाव खोडलेलं आहे. आपटून बघितलं, थोडा भुसा पडला, म्हणून अजून वाचलेलं नाही, सध्या फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीवर आहे आणि बायकोने त्यावर चिठ्ठी चिकटवलीय, 'हे शिजवू नये'.