ओसाकाच्या उमेदा स्टेशनात लाईन कशी बदलायची? मला तर तीन तीन उमेदा दिसायलेत

उदगीरचं_पोरगं
राम राम मंडळी. कंपनी दीड महिन्याच्या ट्रेनिंगला ओसाकाला पाठवायलीय. शिन-ओसाकाहून मेट्रोच्या मिदोसुजी लाईननं उमेदा आन् तिथून तानिमाची लाईननं तानिमाची-योनचोमे, असं ऑफिसातून कळवलंय. पण नकाशा उघडला तर उमेदा वेगळं, हिगाशी-उमेदा वेगळं, निशी-उमेदा वेगळं, आन् वर रेल्वेचं ओसाका स्टेशन आणखीच वेगळं. आपण आजवर गाडी बदललेली परभणीला, तीबी पूल चढून पलीकडं उतरलं की झालं. संगं दोन जड बॅगा हायेत. तिकीट दोनदा काढावं लागतं का?

गोदाकाठचा
दोन वर्षं होतो तिकडं. तिन्ही उमेदा जमिनीखालून जोडलेलेत पण गेट वेगवेगळे, म्हणून एका गेटमधून बाहेर पडून चालत जाऊन दुसऱ्यात शिरायचं. ३० मिनिटांच्या आत शिरलास तर एकच प्रवास धरतात, दुसरं तिकीट नाही. कागदी तिकीट असेल तर हिरव्या गेटमधूनच जा, नसता मशीन तिकीट गिळून टाकतं. त्यापेक्षा इकोका कार्ड घे, म्हणजे आधी पैसे भरून ठेवायचं प्रवासाचं कार्ड, गेटला टेकवलं की झालं.
मधला रस्ता म्हणजे आख्खी बाजारपेठ, व्हायटी उमेदा, १९६३ पासूनची. पहिल्या दिवशी मी फिरून फिरून तीनदा एकाच बेकरीसमोर आलो, तिसऱ्यांदा तर ती बाई हसायलीच लागली. आपल्या देवगिरीच्या किल्ल्यातली अंधारी आठवली बघ, फरक एवढाच की इथं लाईट लई.

साकाईत_सध्या
भावा, उमेदाला उतरूच नको ना! बॅगा घेऊन तिथं मरायचंय का. मिदोसुजीतच बसून राहा, अजून दोन स्टेशनं पुढं होम्माची, तिथं हिरव्या चुओ लाईनला बदल, गेटबाहेर पडायचं कामच नाही. नागाताकडं जाणारी गाडी धर, दुसरं स्टेशन तुझं. नावं वाचत बसू नको, नंबर बघ: उमेदा एम १६, होम्माची एम १८, तानिमाची-योनचोमे सी १८. आन् बाहेर कोणत्या नंबरच्या एक्झिटनं यायचं ते ऑफिसला आधीच विचारून ठेव, चुकीच्या जिन्यानं वर आलास तर चौकाच्या भलत्याच कोपऱ्याला निघशील.
सरकत्या जिन्यावर उजवीकडं उभं राहायचं, टोकियोत डावीकडं असतं. आन् मिदोसुजीचा सहावा डबा बायकांचा, सोमवार ते शुक्रवार दिवसभर. मी शिरलतो घाईत. कुणी काही बोललं नाही पण सगळ्या बघायल्या.

रेल्वेवेडा_जालना
कामाचं वरच्यांनी सांगितलंच, पण सुट्टीला मिदोसुजी लाईनवरच्याच शिन्साईबाशी स्टेशनाचा फलाट बघून ये, उंच कमानीचं छत आन् वर झुंबरं. २० मे १९३३ ला ही लाईन उमेदा ते शिन्साईबाशी सुरू झाली, तेव्हा एकच डबा धावायचा, पण फलाट तेव्हाच लांब बांधून ठेवले, आज त्याच लाईनला १० डब्यांच्या गाड्या पळतात. आन् खरी गंमत म्हणजे ते पहिले डबे रस्त्यावरून बैलांनी ओढत आणून मग जमिनीखाली उतरवले होते!

उदगीरचं_पोरगं
होम्माचीच फिक्स, लई उपकार झाले. जालनेकर, बैलांचं आमच्या म्हाताऱ्याला वाचून दाखवलं, इतके दिवस ट्रेनिंगबद्दल एक शब्द विचारला नव्हता, आता लगेच म्हणायलेत, किती जोड्या लावल्या होत्या ते विचार.