रिटायर झाल्यावर मुलाकडं पुण्याला जायचं, का कोल्हापुरातच आपलं नवीन काम काढायचं?

करवीरचा मास्तर
यंदा रिटायर झालो, जिल्हा परिषदेच्या शाळेतून, ५८ पूर्ण. निरोप समारंभ झाला, शाल-श्रीफळ झालं आणि लगेच पुण्याहून मुलाचे फोन सुरू, बाबा आता तिथं काय काम आहे, तुम्ही आणि आई दोघं इकडंच या, नातवाला पाळणाघरात ठेवायला जीव होत नाही. मी त्याला स्पष्ट सांगितलंय की कायमचं येणार नाही. आजारपण असू दे, अडचण असू दे, रात्रीची गाडी धरून सकाळी दारात उभा राहीन, पण बिऱ्हाड हलवणार नाही.

कारण सांगतो. रंकाळ्यावर सकाळी फिरायला जातो तिथं आमच्या आधी रिटायर झालेली मंडळी भेटतात, सुरुवातीला लय उत्साह असतो आणि मग हळूहळू गप्पा बीपी-शुगरच्या गोळ्यांवर आणि पेन्शनच्या फरकावर येऊन थांबतात. फिरणं चांगलंच आहे, पण ते काम नव्हे. काम म्हणजे ज्यात आपण नाही गेलो तर कुणाचं तरी अडतंय. नातू दोनेक वर्षांत शाळेत जाईल, मग पुण्याच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघं कुणासाठी बसायचं?

मी मोडी, म्हणजे मराठीची जुनी लिपी, शिकायला घेतलीय. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई प्रांतात विलीन झालं, त्याआधीचे जमिनीचे, इनामाचे, वाटणीचे किती कागद अजून घराघरात ट्रंकेत पडून आहेत आणि घरातल्या कुणालाच ते वाचता येत नाहीत. आधी आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग हात न उचलता तिच्याखाली अक्षरं लिहीत जायचं, दोन शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घ नाही, त्यामुळं शब्द कुठं तुटतो ते अर्थावरून ओळखावं लागतं. एकेका ओळीवर तास जातो. पण परवा करवीर तालुक्यातला एक शेतकरी पणजोबाचं खरेदीखत घेऊन आला, त्यातली चतुःसीमा आम्ही दोघांनी मिळून लावली, पूर्वेला कुणाची जमीन, पश्चिमेला कुठला ओढा, तर तो माणूस ओळखीची नावं ऐकून रडायलाच लागला. हे सोडून मी जाऊ?

तुमचं मत सांगा, विरोधात असलं तरी चालेल.

सिस्टर आजी
मास्तर, मी पूर्ण विरोधात आहे. सरकारी दवाखान्यात नर्स होते, रिटायर झाले आणि थेट पुण्याला लेकीकडं गेले. बाळंतपणाची रजा २६ आठवडे. सत्तावीसाव्या आठवड्यात सहा महिन्यांचं लेकरू कुणाच्या हातात द्यायचं सांगा की. पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथं कंपनीनं पाळणाघराची सोय करायची असा २०१७ पासून कायदा आहे, पण माझ्या लेकीला ती सोय मिळाली नाही आणि भांडायला तिच्याकडं वेळ नव्हता. मी गेले नसते तर तिनं नोकरी सोडली असती. एकदा सोडली की परत त्याच पगारावर कोण घेतंय?

तुम्ही म्हणता कुणाचं तरी अडलं पाहिजे. अहो तुमच्या मुलाचं अडलंय ना! तो शेतकरी आणखी चार महिने थांबला असता, कागद पळून जात नाही. बाळाला पहिला वरणभात मी भरवला, ताप आला तेव्हा कपाळावर पट्ट्या ठेवत मी बसले, ह्याला तुम्ही बिनकामाचं बसणं म्हणणार असाल तर मग मी नोकरीत तरी दुसरं काय केलं?

ऊसवाला मामा
मी मधलं सांगतो. एसटीतून रिटायर झालो आणि कागल तालुक्यात गावाकडं शेती धरली. कुटुंब पण आहे आणि काम पण आहे. पण मास्तर, ज्यांना वाटतंय की फंडाचे पैसे आले की शेतीत घालू, गुऱ्हाळ काढू, त्यांना हात जोडून सांगतो, करू नका. उसाची आडसाली लावण जुलै-ऑगस्टला केली की तोड यायला सोळा-अठरा महिने लागतात, तोपर्यंत खत, भांगलण, पाणीपट्टी सगळं पदरचं. एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचा उसाचा ठरलेला किमान दर, ऊस घातल्यापासून १४ दिवसांत द्यायची असं कायद्यात आहे, पण माझं बिल एका साली कितीतरी उशिरा आलं. गुऱ्हाळाचं तर विचारूच नका, भेंडीचं पाणी घालून मळी काढायची, काहिलीखालचा जाळ सांभाळायचा, पाक कुठल्या घटकेला उतरायचा ते गूळ करणाऱ्या गुळव्यालाच कळतंय, नवख्याचं काम नाही ते.

पहिला फंड सुरक्षित करा. पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे, त्यात २०२३ पासून ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, आधी १५ होते. ५८ ला रिटायर झालेल्याला साठीपर्यंत थांबायची गरज नाही, फक्त फंड हातात पडल्यापासून ३ महिन्यांच्या आत खातं काढायचं. आमच्या डेपोतल्या दोस्तानं पोराच्या धंद्यात सगळे घातले आणि मुदत पण गेली. व्याजावर घर चालू दे, मग मोडी शिका नाहीतर ऊस लावा.

पुणेकर झालेला शाहूपुरीकर
मी त्या मुलाच्या बाजूचा, म्हणजे मी पण आईबाबांना बोलवत होतो. ते आले, वर्षभर राहिले. बाबांचं जे झालं ते सांगतो. कोल्हापुरात जेवण झालं की गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला जायचे, पेठेची फुटबॉल मॅच असली की शाहू स्टेडियमला, तालमीत कुणाच्या पोराचं लग्न ठरलं हे घरच्यांच्या आधी त्यांना कळायचं. इकडं बाराव्या मजल्यावर लिफ्टमध्ये कुणी ओळख दाखवत नाही. बोलायचेच कमी झाले. शेवटी मीच त्यांना परत सोडून आलो, आता आम्ही मेच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत पोरीला तिकडं पाठवतो आणि ती गंगावेशीचं दूध पिऊन तोंडाला मिशा घेऊन फोटो पाठवते. सिस्टर आजींचं म्हणणं पटतं ओ, पाळणाघराला आमचा महिन्याचा मोठा खर्च जातो, पण तो आम्ही देतो. मुलं आमची आहेत.

मंगळवार पेठेतली वहिनी
सगळे बोलताय पण मास्तर, तुमच्या मिसेसना कुणी विचारलं का? पुरुष ५८ ला रिटायर होतात, बाई कधी होते? तुम्ही पुण्याला गेलात तरी पोळ्या त्याच करणार, कोल्हापुरात राहिलात तरी त्याच, आणि मोडीचा कागद घेऊन आलेल्या पाहुण्याला चहा पण त्याच देणार. आमच्यात मिस्टर रिटायर झाल्यावर मी सांगून टाकलं की सकाळचा स्वयंपाक मी, संध्याकाळचा तुम्ही. भाकरी थापायला शिकले ते, आधी फाटायच्या, आता बऱ्या फुगतात. २०२३ च्या मार्चपासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, आम्ही मैत्रिणी दर महिन्याला निघतो, जोतिबा झाला, नरसोबाची वाडी झाली, पन्हाळा झाला. करवीर नगर वाचन मंदिराचं सभासदत्व घेतलंय, १८५० सालापासूनचं वाचनालय आहे, लग्न होऊन आल्यापासून त्याच्यावरनं जात होते पण आत पाऊल पडलं नव्हतं. कुठं राहायचं हा प्रश्न नंतर, आधी घरातल्या कामाची वाटणी होऊ दे.

करवीरचा मास्तर
वहिनी, तुमचा प्रश्न रास्त आहे म्हणून हिलाच विचारून लिहितोय. ती म्हणाली, मला पुण्याला जायचंय, पण सहा महिनेच, सूनबाईची नोकरी पक्की होईपर्यंत, आणि मी एकटी जाणार, तुम्ही इथं तुमचं काम करा आणि स्वतःचं जेवण स्वतः बघा. मी हो म्हटलंय.

सिस्टर, तुमचं काम बिनकामाचं असं मी कुठंच म्हटलं नाही, तुम्ही लेकीची नोकरी वाचवली हे मोठंच आहे. पण कागद थांबतात हे पटत नाही. २०१९ च्या पुरात पंचगंगेकाठच्या किती घरांतल्या ट्रंका पाण्यात गेल्या, २०२१ ला परत तेच. भिजलेला कागद एकमेकाला चिकटला की उलगडताना तुकडे होतात, मग ते कुणी शिकून आलं तरी वाचणार काय? आणि वाचणारी माणसं आधीच म्हातारी आहेत. ज्याच्याकडं मी शिकतो ते गुरुजी ऐंशीच्या पुढचे.

मामा, पोस्टाचं लक्षात घेतलं, तीन महिन्यांची मुदत अजून शिल्लक आहे, उद्याच पोस्टात जातो.

सिस्टर आजी
मास्तर, तुमच्या मिसेस एकट्या जाणार हे वाचून बरं वाटलं, तरी माझं मत बदललेलं नाही. नातवाला आजोबा पण लागतो. निदान शनिवार-रविवार जावा, मोडीचे कागद बॅगेत घालून न्या, तिथं बसून वाचा, कोण अडवतंय?

ऊसवाला मामा
मास्तर, पोस्टात जाताना रिटायरमेंटचा दाखला आणि फंड मिळाल्याची तारीख असलेला कागद घेऊन जावा. ६० च्या आतल्यांना ते मागतात.