संध्याकाळ झाली की सासूबाई "घरी जायचंय" म्हणतात

सासूबाईंना अल्झायमर आहे, वय ७८. दिवसभर बऱ्या असतात पण पाच वाजले की पिशवी भरून दाराशी, म्हणे मला घरी सोडा, आणि अहो हेच घर आहे म्हटलं की अजूनच चिडतात. काय करू?

दुर्वा: वाद घालूच नका. "चहा घेऊन निघू" म्हणायचं आणि शेंगा सोलायला बसवायचं. दिवे उजेड असतानाच लावा, सावल्यांनी गोंधळ वाढतो.

निवांत_नाना: याला सनडाउनिंग म्हणतात. पण अचानक वाढलं असेल तर आधी लघवी तपासा, म्हाताऱ्या माणसांना युरिन इन्फेक्शनने असं होतं आणि ताप येईलच असं नाही. झोपेची गोळी आपल्या मनाने देऊ नका हां.

दुर्वा: आणि गळ्यात नाव-नंबरचं लॉकेट घाला.

प्रश्नकर्ती: या आठवड्यातच वाढलंय खरं. उद्या लॅबवाल्याला बोलावते.