मदत हवी आहे : नोकरी सोडून एआय कंपनी काढू का?

कातळवाट
तातडीने सल्ला हवाय. सोमवारी राजीनामा द्यायचा विचार आहे. एआय कंपनी काढतोय, मॉडेल जवळजवळ तयार, भागीदारही आहे. धोका किती, फायदा किती? 'मनाचं ऐका' छाप उत्तरं कृपया नकोत.

पडवीवरून
मॉडेल कसलं? राहता कुठे? घरात दुसरा पगार आहे का?

कातळवाट
रत्नागिरी. हापूसमधला साका, म्हणजे गर पांढरट, स्पंजासारखा होण्याचा दोष, ओळखायचा, फळ न कापता. फोनवर फोटो काढला की झालं.

भरतीओहोटी
साका आतल्या गरात. वरून फळ देखणं असतं. सालीच्या फोटोत तो दिसणार कसा? निअर इन्फ्रारेड नाहीतर क्ष-किरण लागतील. म्हणजे सॉफ्टवेअर राहिलं बाजूला, तुम्ही यंत्राच्या धंद्यात पडलात.

माडावरचो
झिला, नोकरी सोडू नको. काय करूचा ता रातीक कर.

जुना बागायतदार
एवढा खटाटोप कशाला? दापोली विद्यापीठाची रत्ना लावा. नीलम आणि हापूसचा संकर, साका होत नाही.

भरतीओहोटी
आणि हापूसचा भाव कोण देणार, विद्यापीठ?

जुना बागायतदार
चव घेतलीत का कधी? उगाच बोलायचं.

अर्धवटराव
2024च्या अर्थसंकल्पात एंजल टॅक्स, म्हणजे नव्या कंपनीत येणाऱ्या गुंतवणुकीवरचा कर, काढून टाकला. त्याच वर्षी 10,372 कोटींचं इंडिया एआय मिशन मंजूर झालं, एआय मॉडेल शिकवायला लागणाऱ्या जीपीयू चिप सवलतीत मिळतात.

विदाखोर
त्यांना जीपीयू नकोतच, असलं छोटं मॉडेल साध्या संगणकावर चालतं. मेख डेटात आहे. तोडणीच्या दिवशी फळाचं यंत्राने मोजमाप घ्यायचं, नंबर घालून आढीत ठेवायचं, पिकल्यावर कापून साका आहे की नाही लिहायचं. कापलेला हापूस पेटीत जात नाही, म्हणजे डेटाचा खर्च आंब्याच्या भावाने. वर हंगाम मार्च ते मे. चूक जूनमध्ये कळली तर सुधारायला पुढचा मार्च. तोवर पगार कुठून आणणार?
पण कमाईही त्यातच आहे. चॅटजीपीटीवर बेतलेली अ‍ॅप्स मूळ कंपनीने तीच सोय दिली की बसतात. तुमच्यासारखी कापलेल्या फळांची वही त्यांच्याकडे नाही.
एक राहिलंच. पैसे देणार कोण? बागायतदार नाही, साका सापडला की त्याचंच फळ बाद. निर्यातदाराला विचारा.

कातळवाट
बागायतदारांना फुकट देणार होतो. निर्यातदाराशी बोललो नाही. यंत्राचं भागीदार बघतोय.

पडवीवरून
पगाराचं उत्तर अजून आलं नाही. आणि भागीदार पैसे किती घालतोय? करार लेखी आहे?

कातळवाट
बायकोची शाळेत नोकरी आहे. पैशांचं ठरायचंय. लेखी काय मागणार, मेहुणा आहे तो.

माडावरचो
मेल्या, ह्या आधी सांगूक नको?