पाठांतर आणि आखाजीची घागर
रोज संध्याकाळी श्लोक पाठ करून घेतले की मुलांना अध्यात्माची गोडी आपोआप लागते, असे काही जण म्हणतात; हे मत मला अर्धेच पटते. वाणी स्वच्छ होते, पण प्रश्न पडतातच असे नाही. आमच्याकडे खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरून तिच्यावर डांगर (म्हणजे खरबूज) आणि सांजोरी (सांजा भरलेली गोड पुरी) ठेवतात व निखाऱ्यांवर पुरणपोळी, आमरस आणि तुपाची आगारी, म्हणजे पितरांसाठीचा नैवेद्य, टाकतात. गेल्या वर्षी तूप चर्रकन वाजले, तेव्हा माझ्या सहा वर्षांच्या मुलीने विचारले, "पणजीला हे पोचतं का?" मला ठाऊक नाही, असे मी प्रामाणिकपणे सांगितले. ती बराच वेळ धुराकडे पाहत राहिली आणि मग आपल्या ताटातला सांजोरीचा तुकडा तिने हळूच निखाऱ्यावर ठेवला. (उष्टे टाकले म्हणून सासूबाईंनी डोळे वटारले, ते वेगळे.)