मॉन्ट्रियलला विंटर टायर : दोन की चार?

इंदूरहून विचारतेय. लेकीनं मॉन्ट्रियलला जुनी कोरोला घेतली. दुकानदार म्हणतो, पुढची दोनच विंटर टायर घाला, भागेल. आमच्याकडे टायर गुळगुळीत होईस्तोवर कोण बघतं! काय सांगू तिला?

— चारही, ताई. पुढेच पकड असली तर वळणावर ब्रेक मारताच मागची बाजू घसरते. शिवाय मॉन्ट्रियल ज्या प्रांतात आहे त्या क्यूबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च चारही कायद्यानेच लागतात.

— टायरच्या कडेवर तीन शिखरं आणि त्यात हिमकण, हे चिन्ह बघायला सांगा. नुसत्या ‘एम प्लस एस’ (चिखल-बर्फ) या खुणेवर जाऊ नका. साधारण ७ अंशांखाली उन्हाळी टायरचं रबर कडक होतं, विंटरचं लवचीक राहतं. निसरड्या बर्फावर मात्र कुठलंही टायर असो, गाडी हळूच.

— कळवते. जावईबापू खर्चावरून कुरकुरतील, पण ते माझ्यावर सोडा.