ग्नूकॅश सोर्सवरून कंपाइल करताना मध्येच ‘किल्ड’ येऊन थांबतंय, आणि जुनं व्हर्जन ठेवू की काढू?

कीर्द_खतावणी:
नमस्कार मंडळी. माझ्या लिनक्स डिस्ट्रोच्या रिपॉझिटरीत (तयार पॅकेजच्या साठ्यात) ग्नूकॅश या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं ४ च्या सिरीजमधलं व्हर्जन आहे. मला ५ वालं हवंय, कारण त्यात शेअर्सच्या नोंदींसाठी स्टॉक असिस्टंट आलाय. खरेदी, डिव्हिडंड, स्प्लिट हे सगळं हाताने जमा-नावे करत बसायचा आता खरंच कंटाळा आलाय. म्हणून सोर्सचा, म्हणजे मूळ कोडचा, टारबॉल (एकत्र गुंडाळलेली फाइल) उतरवला, उघडला, शेजारी वेगळा बिल्ड फोल्डर केला आणि त्यात सीमेक (बिल्डची तयारी करणारं साधन) चालवलं. आधी बूस्ट ही लायब्ररी नाही म्हणालं, ते टाकलं, मग वेबकिट, मग गूगलटेस्ट, असं एकेक करत शेवटी कॉन्फिगरिंग डन आलं. मग निंजा (प्रत्यक्ष कंपाइल करवून घेणारं साधन) चालवलं तर बराच वेळ नीट चालतं आणि मध्येच सीसी१प्लस (सी++ चा कंपायलर) किल्ड असं येऊन थांबतं. मशीनला रॅम ४ जीबी, कोअर ४.
दुसरं म्हणजे जुन्या व्हर्जनमध्ये माझे कित्येक वर्षांचे हिशेब आहेत. नवीन टाकायच्या आधी जुनं काढावं लागेल का? हिशेबाच्या फाइलला धक्का लागायला नको एवढीच काळजी आहे.

टर्मिनलमित्र:
किल्ड म्हणजे कोडमध्ये चूक नाहीये, मेमरी संपली म्हणून कर्नलनेच कंपायलरला मारलंय, डीमेसेज (कर्नलचा लॉग) बघा, आउट ऑफ मेमरीची ओळ सापडेल. निंजा काही सांगितलं नाही तर कोअरपेक्षा दोन जास्त कामं एकदम सुरू करतं, म्हणजे तुमच्याकडे ६. ग्नूकॅशच्या सी++ फायली बूस्टमुळे जड आहेत आणि स्विग या साधनाने तयार केलेले रॅपर (दोन भाषांना जोडणारा कोड) तर फारच मोठे, अशा चार-पाच एकदम चालल्या की ४ जीबी कुठच्या कुठे जातात. निंजाला जे२ (एका वेळी दोनच कामं) द्या, तरी मेलं तर जे१. ब्राउझर बंद ठेवा. आधी झालेलं काम वाया जात नाही, जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं.

आणि पुढच्या वेळी डिपेंडन्सी (लागणाऱ्या लायब्ररी) अशा एकेक करून शोधू नका. डेबियन किंवा उबुंटूवर असाल तर सोर्स रिपॉझिटरी चालू करून ॲप्ट बिल्ड-डेप ग्नूकॅश एवढं चालवा, जुन्या व्हर्जनला जे लागतं ते सगळं एका फटक्यात येतं, नव्याला वर काही लागलं तर तेवढंच राहतं. एक्यूबँकिंग मुख्यतः जर्मनीतल्या बँकांच्या ऑनलाइन पद्धतीसाठी आहे, लागत नसेल तर सीमेकला विथ-एक्यूबँकिंग ऑफ द्या, तेवढाच पसारा कमी. ओएफएक्स (बँक स्टेटमेंटचा एक फॉरमॅट) मात्र विचार करून बंद करा, बँकेकडून त्या फॉरमॅटमध्ये स्टेटमेंट येत असेल तर लागेल. सीएसव्ही आणि क्यूआयएफ इम्पोर्टला ओएफएक्सची लायब्ररी लागत नाही.

ताळेबंद_ताई:
जुनं काढू नका! दोन्ही शेजारी शेजारी राहू शकतात आणि तसंच करावं असं माझं ठाम मत आहे. पॅकेज मॅनेजरने टाकलेलं ग्नूकॅश यूएसआर या सिस्टिमच्या फोल्डरमध्ये असतं, तिथे आपण सुडोने (ॲडमिनच्या अधिकाराने) आपलं बिल्ड ओतलं तर पॅकेज मॅनेजरला त्याचा पत्ताच नसतो, पुढच्या अपडेटला अर्ध्या फायली त्याच्या आणि अर्ध्या आपल्या असा गोंधळ होतो आणि मग काय बिघडलंय ते कुणालाच सांगता येत नाही. सीमेकला इन्स्टॉल प्रीफिक्स (कुठल्या फोल्डरमध्ये टाकायचं तो पत्ता) द्या, ऑप्टमधला एखादा फोल्डर किंवा सरळ होममधलाच. होममध्ये टाकलं तर इन्स्टॉलला सुडोसुद्धा लागत नाही.

खरं तर इन्स्टॉलही नंतर करा. बिल्ड फोल्डरच्या बिनमध्ये ग्नूकॅश तयार झालेलं असतं, ते तिथूनच चालतं. आधी ते उघडून बघा.

आता फाइलबद्दल, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. हिशेबाच्या फाइलची कॉपी वेगळ्या फोल्डरमध्ये करा आणि नवीन व्हर्जन फक्त कॉपीवर चालवा. नव्याने सेव्ह केलेली फाइल जुन्यात उघडेलच याची खात्री नसते. फाइलमध्ये कुठल्या सोयी वापरल्यात त्याची नोंद ग्नूकॅश ठेवतं आणि जुन्या व्हर्जनला त्यातली एखादी ओळखीची नसेल तर ते फाइल उघडायला नकार देतं. ते योग्यच आहे, अर्धवट समजून आकडे बिघडवण्यापेक्षा नकार बरा. एकच फाइल दोन्ही व्हर्जनमध्ये आलटून पालटून वापरू नका. आणि लॉक फाइलचा (फाइल आधीच उघडी असल्याचा) इशारा आला तर घाईत तरीही उघडा दाबू नका, आधी दुसरीकडे ती उघडी नाही ना ते बघा.

शांत_कर्सर:
फक्त नवीन व्हर्जनच हवं असेल तर फ्लॅटहबवर ग्नूकॅशचं फ्लॅटपॅक (तयार बांधलेलं पॅकेज) आहे, कंपाइल करायची गरजच नाही. कोडमध्ये काही बदलायचं असेल किंवा शिकायचं असेल तर मात्र सोर्स.

कीर्द_खतावणी:
सगळ्यांचे मनापासून आभार. जे२ ने पूर्ण झालं!! फ्लॅटपॅक माहीत होतं, पण ज्यावर माझे हिशेब आहेत ते सॉफ्टवेअर स्वतः बांधून बघायचंय, पुढे एखादा रिपोर्टही बदलायचाय. प्रीफिक्स होममध्ये दिलाय, अजून इन्स्टॉल केलं नाही, बिल्ड फोल्डरमधूनच चालवतोय. पण कॉपी केलेली फाइल एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये सेव्ह करायला गेलो तर यादीत फक्त एक्सएमएल दिसतंय. सीमेकने तर एसक्यूएलबद्दल काहीच तक्रार केली नव्हती. आणि टेस्ट चालवायच्या का, की सोडून दिल्या तरी चालतं?

ताळेबंद_ताई:
एसक्यूलाइटचं सोपं आहे. बिल्ड करताना लिबडीबीआय ही डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी पुरते, पण चालवताना त्या त्या डेटाबेसचा ड्रायव्हर वेगळा लागतो, डेबियनवर लिबडीबीडी-एसक्यूलाइट३ नावाचं पॅकेज आहे. ते टाका आणि ग्नूकॅश पुन्हा उघडा, परत कंपाइल करायला नको.

टेस्ट मात्र सोडू नका, कृपा करून. दुसरं एखादं सॉफ्टवेअर असतं तर मी इतका आग्रह धरला नसता. कंपाइल झालं याचा अर्थ कंपायलरला कोड समजला इतकाच, बेरीज बरोबर येते असा नाही. ग्नूकॅश रक्कम फ्लोटमध्ये (अंदाजे साठवलेल्या बायनरी आकड्यात) ठेवतच नाही, अपूर्णांकात ठेवतं, अंश आणि छेद दोन्ही ६४ बिटचे पूर्णांक. फ्लोटमध्ये ०.१ आणि ०.२ मिळवले की नेमके ०.३ येत नाहीत, आणि दुहेरी नोंद पद्धतीत दोन्ही बाजूंची बेरीज शेवटच्या पैशापर्यंत जुळलीच पाहिजे. हे अपूर्णांकांचं गणित, राउंडिंग, फाइल लिहून परत वाचली तर तेच येतं का, हे सगळं त्या टेस्ट तपासतात. तुमच्या मशीनवर, तुमच्या कंपायलरने, तुमच्या लायब्ररींवर बांधलेल्या त्या बिल्डवर! ही तपासणी दुसरं कुणी तुमच्यासाठी केलेली नाही. डिस्ट्रोच्या पॅकेजच्या मागे ते तपासणारे लोक असतात, इथे ते काम तुमचं.

निंजा चेक चालवा, टेस्ट बांधून होतात आणि चालतात. इथेही जे२ विसरू नका. एखादी फेल झाली तर लगेच घाबरू नका, बिल्ड फोल्डरमधल्या टेस्टिंगच्या आत टेम्पररी फोल्डरमध्ये लास्टटेस्टचा लॉग असतो तो वाचा. काही टेस्टना ठराविक लोकेल (भाषा-देशाच्या सेटिंग्ज) लागतात, मशीनवर ते तयार केलेले नसले तर टेस्ट उगाच पडते, लोकेल टाकून परत चालवा. पण न्यूमरिक (आकडेमोड) किंवा बॅकएंड (हिशेब साठवणं) नावाची टेस्ट पडली तर त्या बिल्डवर खरे हिशेब ठेवू नका.

ऑप्ट_फोल्डर:
मध्येच विचारतो, माझं मेमरीमुळे नाही तर डेप्रिकेटेड (जुनं झालंय, वापरू नका) असं काहीतरी एरर येऊन थांबतंय. डिस्ट्रो एकदम नवीन आहे, सोर्स जरा जुना ४ वाला. शेवटची ओळ फक्त बिल्ड स्टॉप्ड, सबकमांड फेल्ड.

टर्मिनलमित्र:
शेवटची ओळ काहीच सांगत नाही, वर जाऊन पहिलं फेल्ड शोधा, एका वेळी अनेक कामं चालू असल्यामुळे खरा एरर बराच वर राहिलेला असतो. तुमच्या बाबतीत ग्नूकॅश वॉर्निंगला एरर समजून थांबतं, ते फ्लॅग त्यांच्या सीमेक फायलीतच आहेत. नवीन कंपायलर आणि लायब्ररी नव्या वॉर्निंग देतात ज्या तो सोर्स लिहिला तेव्हा नव्हत्याच. शक्य असेल तर नवीन सोर्स घ्या. नसेलच तर सी आणि सी++ च्या फ्लॅगमध्ये नो-एरर देऊन फक्त ती डेप्रिकेटेड वाली वॉर्निंग सैल करा, सगळ्या एकदम बंद करू नका, बाकीच्यांमधली एखादी खरी चूक दाखवत असू शकते. फ्लॅग बदलल्यावर बिल्ड फोल्डर पूर्ण उडवून नव्याने सीमेक चालवलेलं बरं.

कीर्द_खतावणी:
ड्रायव्हर टाकल्यावर एसक्यूलाइट यादीत आलं. टेस्टमध्ये एक पडली होती, लॉग पाहिला तर लोकेलचंच होतं, ते तयार करून परत चालवली आणि आता सगळ्या पास. कॉपी उघडून जुन्या आणि नव्या दोन्हीकडे ताळेबंद काढला, आकडे जुळतायत. आता इन्स्टॉल करतो. पुढे हे काढायचं झालं तर नुसता प्रीफिक्सचा फोल्डर उडवला की झालं का?

ताळेबंद_ताई:
त्या फोल्डरमध्ये दुसरं काही टाकलं नसेल तर हो. बिल्ड फोल्डरमधली इन्स्टॉल मॅनिफेस्ट नावाची फाइल तेवढी जपून ठेवा, कुठली फाइल कुठे गेली त्याची पूर्ण यादी त्यात असते. तुमची सेटिंग्ज त्यात येत नाहीत, ती होममधल्या डॉट-लोकल आणि डॉट-कॉन्फिगमध्ये असतात आणि दोन्ही व्हर्जन तीच वापरतात, तर इन्स्टॉलच्या आधी त्यांचीही एक कॉपी काढा.